पाहुण्यांनी सांगितले म्हणून

मराठवाड्यात पैसा कागदापेक्षा ओळखीवर जास्त चालतो, हे बँकेच्या नोकरीत मला फार लवकर कळले. परभणी आणि जालना या दोन जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या शाखांमध्ये माझी बहुतेक नोकरी झाली. जामीनदार म्हणून सही करायला आलेला माणूस रक्कम किती, मुदत किती, हे क्वचितच विचारी; पाहुण्यांनी सांगितले आहे, एवढे त्याला पुरे असे. आडतीवरची उचल, मुकादमाने ऊसतोडीच्या कोयत्याला, म्हणजे मजूर जोडप्याला, दिलेली उचल, बायकांची भिशी, लेकीच्या लग्नात सोयऱ्यांनी न मागता हातात ठेवलेली रक्कम, हे सारे शब्दावर चालत आले आहे आणि बहुतेक वेळा तो शब्द पाळलाही जातो. पाऊस वारंवार दगा देणाऱ्या मुलखात या विश्वासाने घरे उभी ठेवली आहेत, म्हणून त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. परंतु क्रिप्टो, म्हणजे संगणकावरच्या आभासी नाण्यांतल्या, गुंतवणुकीच्या नावाखाली गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जी लूट झाली ती याच वाटेने घरात शिरली, आणि हे समजून घेतल्याशिवाय लोकांना कितीही ‘सावध राहा’ म्हटले तरी त्याचा उपयोग होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे पासबुकाऐवजी मोबाइल घेऊन येऊ लागले. त्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मुख्याध्यापक होते. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मीही तेच म्हणते. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून त्यांनी टप्प्याटप्प्याने चार लाख रुपये एका क्रिप्टो गुंतवणुकीच्या अॅपमध्ये भरले होते आणि पडद्यावर त्यांचे अकरा लाखांहून जास्त झालेले दिसत होते. अॅप प्ले स्टोअरवरून घेतलेले नव्हते; त्यांच्या मेहुण्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या दुव्यावरून ते फोनमध्ये आले होते. मी शंका काढताच गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, आकडा तर दिसायलाय की समोर. खोटा असता तर दिसला असता का?"

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण तो तसा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पासबुकात छापून आलेला आकडा खरा मानला आणि ज्याला तो आकडा प्रत्येक वेळी काउंटरवर रोख मिळाला, त्याने पडद्यावरचा आकडा खरा मानणे स्वाभाविक आहे. पासबुकातल्या आकड्यामागे बँकेचे खाते असते, त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि बँक बुडालीच तर ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. गुरुजींच्या अॅपमधल्या आकड्यामागे काय होते? कोणीतरी एका संगणकावर टंकलेली अक्षरे, एवढेच. मुलाने वहीत ‘एक कोटी’ लिहिले म्हणून घरात कोटी रुपये येत नाहीत, तसाच तो आकडा होता.

खऱ्या बिटकॉइनचे, म्हणजे क्रिप्टोतल्या सर्वांत प्रसिद्ध नाण्याचे, काम वेगळे आहे, आणि ते थोडे तरी समजून घेणे फायद्याचे ठरते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्यातल्या कल्पनेप्रमाणे ही व्यवस्था सुरू झाली. तिची हिशेबाची वही कोणा एका कंपनीकडे नसते. जगभरातल्या हजारो संगणकांवर तिच्या सारख्या प्रती असतात आणि साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा तिला जोडला जातो. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत, असे गणितच त्यात बांधलेले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्या वहीतल्या प्रत्येक व्यवहाराला एक लांबलचक क्रमांक असतो आणि तो क्रमांक घेऊन कोणीही, कोणाचीही परवानगी न मागता, तो व्यवहार खरोखर झाला की नाही हे इंटरनेटवर पाहू शकतो. मी गुरुजींना एवढेच करायला सांगितले: तुमच्या पैशातून नाणी घेतली असतील तर त्या खरेदीचा व्यवहार क्रमांक मागा. अॅपच्या ‘कस्टमर केअर’कडून उत्तर आले की सुरक्षेच्या कारणास्तव तो क्रमांक गोपनीय आहे. जी नोंद साऱ्या जगाला उघडी असते ती ज्याची आहे त्यालाच दाखवायची नाही, याचा अर्थ नोंदच नाही.

त्याहीपेक्षा मला, जुन्या बँकवालीला, दुसरी एक गोष्ट खटकली. गुरुजींनी चार वेळा पैसे भरले होते आणि चारही वेळा वेगवेगळ्या खात्यांत. एक खाते कापड दुकानाचे वाटत होते, दुसरे कुठल्याशा ट्रेडर्सचे, उरलेली दोन साध्या व्यक्तींच्या नावांची, आणि सगळी निरनिराळ्या राज्यांतली. मोठा व्यवहार करणारी कंपनी आपल्या नावाच्या खात्यात पैसे घेते, आणि ते खाते दर आठवड्याला बदलत नाही. नवे खाते येते तेव्हा समजावे की जुने खाते कुठल्यातरी तक्रारीवरून गोठले आहे किंवा गोठण्याच्या बेतात आहे. या एका खुणेसाठी ब्लॉकचेन, म्हणजे वर सांगितलेली ती सामायिक वही, कळायची गरज नाही; पैसे पाठवताना समोर दिसणारे नाव वाचले तरी पुरते.

आता परताव्याचे बोलू, कारण खरा फासा तिथेच पडतो. रोज एक टक्का हा आकडा ऐकायला किती माफक वाटतो! पण रोज एक टक्का चक्रवाढीने वाढला तर एक लाखाचे वर्षअखेरीस पावणेअडतीस लाख होतात, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चौदा कोटींच्या वर जातात आणि तिसऱ्या वर्षी पाचशे कोटी ओलांडतात. असे खरोखर करता येणारा माणूस आपल्या गावातल्या मंगल कार्यालयात सभा घेऊन तुमच्याकडे पन्नास हजार कशाला मागेल? बिटकनेक्ट नावाची जी योजना जगभर गाजली आणि जानेवारी २०१८ मध्ये कोसळली, तिने साधारण याच धर्तीची स्वप्ने विकली होती. मी ज्या ज्या लोकांना कागद-पेन्सिल घेऊन हे गणित स्वतः करायला लावले, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गणित संपायच्या आत बदलला. सांगून जे पटत नाही ते हाताने गुणाकार केल्यावर पटते.

महाराष्ट्राला तर याचा फार जवळचा अनुभव आहे. ‘गेनबिटकॉइन’ ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. बाहेरून बिटकॉइन विकत घ्या, ते आमच्याकडे ‘क्लाउड मायनिंग’च्या, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर नवी नाणी कमावण्याच्या, कराराने गुंतवा आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत घ्या, असा तिचा वायदा होता. मूळ भांडवल परत मिळून वर ऐंशी टक्के, असा हा हिशेब. सुरुवातीला लोकांना बिटकॉइनमध्ये परतावा मिळालाही. त्यातच २०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव वर्षारंभीच्या सुमारे एक हजार डॉलरवरून डिसेंबरात वीस हजारांच्या जवळ गेला, त्यामुळे ज्यांना थोडेसे मिळाले त्यांनाही फार मिळाल्यासारखे वाटले. नव्या गुंतवणूकदारांचा ओघ आटला तेव्हा कंपनीने बिटकॉइन देणे थांबवून ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचे नाणे लोकांच्या हातात ठेवले, ज्याची किंमत त्या मानाने काहीच नव्हती. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही त्यासाठी देशभर झडत्या चालू होत्या. पैसे भरणाऱ्याने दहा मिनिटांत जे गमावले, त्याचा माग काढायला दहा वर्षेही पुरली नाहीत.

‘वनकॉइन’ची कहाणी याहून धक्कादायक आहे. २०१४ मध्ये बल्गेरियातून सुरू झालेल्या या नाण्याला मुळात खरी ब्लॉकचेनच नव्हती. भाव कंपनी ठरवी आणि पडद्यावर दाखवी. अमेरिकेतल्या सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्यात जगभरातून चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. तिची प्रवर्तक रुया इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे आणि २०२२ मध्ये तिचे नाव एफबीआयच्या दहा सर्वाधिक हव्या असलेल्या फरारींच्या यादीत आले. त्याच २०१७ मध्ये नवी मुंबईत वनकॉइनच्या सभेवर छापा पडून अटका झाल्या होत्या. उच्चशिक्षित माणसे त्या सभेत बसली होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे फसलेल्या माणसाला ‘शिकलेला नव्हता म्हणून फसला’ असे म्हणून मोकळे होण्याची फार घाई असते.

आणि आपण मराठवाड्यातली माणसे तर हे नाण्याशिवायही भोगून बसलो आहोत. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा-बिडकीन भागात जमिनी गेल्या आणि शेतकऱ्यांच्या खात्यांत एकरकमी मोबदला आला. त्या पैशावर डोळा ठेवून ‘तीस-तीस’ नावाची योजना गावोगाव फिरली, महिन्याला तीस टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष दाखवले गेले आणि अखेर २०२२ मध्ये तो मामला पोलिसांत गेला. पुढच्या काळात छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट यांच्या दारात ठेवीदार उन्हातान्हात बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले. या प्रकरणांत क्रिप्टोचा संबंध नव्हता. पण मला त्यांतून एक गोष्ट ठळक दिसते. पतसंस्थेवरून विश्वास उडालेला माणूस राष्ट्रीयीकृत बँकेकडे परत आला नाही. तो मोबाइलमधल्या योजनेकडे वळला, कारण तिथे निदान संचालक मंडळ नाही, पुढारी नाही, आपला पैसा आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे, असे त्याला सांगण्यात आले. ज्याचे एकदा बुडाले आहे त्याला ते भरून काढण्याची घाई असते आणि फसवणाऱ्याला ती घाई लांबूनही ओळखू येते.

गुरुजींना पटले नव्हते ते एका कारणाने. त्यांनी सुरुवातीला पाच हजार भरून पाहिले होते, सहा हजार झाले आणि ते काढले तर लगेच खात्यात आले. ‘काढून बघितलंय मी,’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाने ऐकवले आहे. लोकांना वाटते, आपण परीक्षा घेतली. खरे तर ती परीक्षा त्या टोळीने आखलेली असते. लहान रक्कम बिनतक्रार परत देणे हा त्यांच्या खर्चाचा ठरलेला भाग आहे, कारण त्या एक हजाराच्या नफ्याची बातमी गुरुजी चार घरांत सांगणार हे त्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून थोडे काढून पाहणे हा पुरावा धरू नये. सगळे काढायला गेल्यावर काय होते, तेच पाहावे.

गुरुजी सगळे काढायला गेले तेव्हा अॅपने त्यांना नफ्यावरचा तीस टक्के कर आगाऊ भरायला सांगितला. तीस टक्के हा आकडा हवेतला नव्हता, आणि म्हणूनच तो घातक ठरला. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून खरोखरच ३० टक्के आयकर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का टीडीएसही आहे. परंतु हा आयकर नागरिक आपल्या पॅन क्रमांकावर सरकारला भरतो. तो कोणा अॅपच्या सांगण्यावरून कोणा ट्रेडर्सच्या खात्यात भरायचा नसतो. टीडीएससुद्धा मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो, वरून मागितला जात नाही. आपलेच पैसे आपल्याला देण्यासाठी जो आणखी पैसे मागतो, मग त्याला तो कर म्हणो, ‘अनलॉक फी’ म्हणो की मनी लाँडरिंगच्या तपासणीची अनामत म्हणो, त्याच्याकडे आपले पैसे उरलेले नाहीत असे निश्चित समजावे. भरले तर दुसरे निमित्त येते, ते भरले तर तिसरे.

कर लागतो म्हणजे सरकारची मान्यता आहे, हा गैरसमज तर सभांमधून जाणीवपूर्वक पेरला जातो. वस्तुस्थिती अशी आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. भारतात क्रिप्टो बाळगणे किंवा घेणे-विकणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही, आणि त्यात बुडालेल्या पैशाला कोणतेही विमा संरक्षण नाही. मार्च २०२३ पासून भारतात अशी सेवा देणाऱ्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. ती नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे. कंपनी कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र तर कोणालाही मिळते. त्याचा अर्थ लोकांकडून ठेवी गोळा करायची परवानगी असा कधीच होत नाही. काचेच्या चौकटीत लावलेल्या त्या प्रमाणपत्रासमोर हात जोडणारी माणसे मी पाहिली आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोंदणी असलेल्या, खऱ्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारात, व्यवहार केला तरी जोखीम संपत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. पण चोरी होण्याची जोखीम वेगळी आणि मुळातच लुटण्यासाठी उभारलेले दुकान वेगळे. शेतीच्या आणि घरच्या पैशाला या दोन्हींपासून लांब ठेवावे, हा माझा सल्ला मी कोणापासून लपवत नाही.

सगळ्याच ठिकाणी मेहुणा किंवा दाजी मध्ये असतो असे नाही. कधी चुकीने आलेला वाटावा असा मेसेज येतो, मग गप्पा होतात, मग आपण न मागता कोणत्याशा ‘शेअर आणि क्रिप्टो’च्या गटात सामील केले जातो. तिथे दीडशे माणसे रोज आपल्या नफ्याचे फोटो टाकतात, प्राध्यापक म्हणवणाऱ्या कोणाचे तरी आभार मानतात, एखादीच्या मुलाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देतात. दोन आठवड्यांत ती माणसे ओळखीची होऊन जातात. म्हणजे इथेही फसवणूक ओळखीतूनच होते. फरक इतकाच की ही ओळख त्यांनी आपल्यासाठी बनवून दिलेली असते, आणि त्या दीडशेतले खरे सभासद बहुधा आपण आणि आपल्यासारखे चार-दोन जण एवढेच असतात. पलीकडे मेसेज लिहिणारा तरुण कधी कधी स्वतःच कैदी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपले असण्याचा अंदाज दिला. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. परदेशात डेटा एन्ट्रीची नोकरी लागली म्हणून ही मुले गेली होती. लातूर-नांदेडच्या कोचिंगमधून बाहेर पडलेल्या आणि कुठेच निवड न झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच मुलांसाठी आणखी एक सापळा इथेच, आपल्या तालुक्याच्या गावी लावलेला असतो. ‘तुझं खातं फक्त महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार मिळतील,’ असे म्हणणारा मित्र भेटतो. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, सारे हवाली केले जाते. गुरुजींसारख्यांचे पैसे ज्या खात्यांत जातात ती अशीच भाड्याने घेतलेली असतात, आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते त्या खातेदारापर्यंत. मुलाला वाटते आपण काहीच केले नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या खात्यातून चोरीचा माल गेलेला असतो.

मग नाही कसे म्हणायचे? माझ्या मते सारी अडचण इथे आहे. तंत्रज्ञान न कळल्यामुळे पैसे भरणारे मला फार थोडे भेटले. नाते मोडेल या धास्तीने भरणारे पुष्कळ भेटले. जावयाने योजना आणली, तर सासऱ्याने प्रश्न विचारणे म्हणजे जावयाचा अपमान. भावकीतल्या पोराने आणली, तर त्याच्या धंद्याला हातभार न लावणे म्हणजे जळणे. त्यात भर म्हणून साखळीचे गणित असते: प्रत्येकाने पाच माणसे जोडायची. ही पाच-पाचची साखळी बाराव्या पायरीला चोवीस कोटी माणसे मागते, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या पायऱ्यांवर कोणीतरी उभे राहणारच, आणि ते कोणाचे तरी पाहुणेच असणार. म्हणून मी ओळखीच्या घरांत एक साधा प्रघात सुचवत आले आहे. घरात आधीच, कोणतीही योजना समोर नसताना, ठरवून टाकावे की दरमहा ठरलेला मोठा परतावा सांगणाऱ्या गोष्टीत हे घर पैसे घालत नाही, मग ती कोणीही आणो. असे आधी ठरलेले असले की नकार त्या माणसाला दिला जात नाही. ‘आमच्यात तसं ठरलंय, दाजी,’ एवढ्यावर विषय संपतो आणि जेवणाचे ताट होते तसे वाढले जाते. बचत गटांच्या बायका हे फार सहज करतात. गटाच्या ठराव वहीत एकदा लिहिले की त्यांच्या अध्यक्षाला कोणी आग्रहाने अडवू शकत नाही. पुरुषांनी त्यांच्याकडून हे शिकावे असे मला मनापासून वाटते.

फसल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात आणि नेमके तेच लाजेत वाया जातात. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय फोन क्रमांक त्यासाठीच आहे. तक्रार नोंदवली की रक्कम ज्या बँकेत गेली त्या बँकेला कळवले जाते आणि पैसे खात्यात शिल्लक असतील तर तिथेच अडवले जातात. एकदा त्यांचे टिथरसारख्या डिजिटल डॉलरमध्ये रूपांतर होऊन ते परदेशी वॉलेटमध्ये गेले की बँकेचा हात तिथवर पोहोचत नाही. क्रिप्टोचा व्यवहार चेकसारखा थांबवता येत नाही, हे तर जगजाहीर आहे. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करावी. अॅप रागाने काढून टाकू नये, गटातून बाहेर पडू नये. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, म्हणजे यूटीआर, बँकेतून लिहून आणावा. आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारा वकील किंवा हॅकर फोन करील, तेव्हा त्याला एक रुपयाही देऊ नये. फसलेल्यांच्या याद्या या धंद्यात विकल्या जातात आणि दुसरा फोन त्या यादीवरूनच येतो.

गुरुजींनी तो तीस टक्के कर भरला नाही, कारण भरायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते. माझ्या समोरच त्यांनी १९३० ला फोन लावला. शेवटचा हप्ता अगदी अलीकडचा होता, त्यामुळे त्यातली काही रक्कम एका खात्यात अडवता आली. ती न्यायालयाच्या आदेशाने परत मिळण्याची प्रक्रिया चालू आहे. बाकीची गेली. खरा पेच लेखी तक्रारीच्या वेळी उभा राहिला. दुवा कोणी पाठवला, या प्रश्नासमोर गुरुजींची लेखणी थांबली. मेहुण्याने पंधरा-वीस जणांना सामील केले होते आणि प्रत्येकामागे त्याला काही टक्के मिळाले होते. साखळी योजनेत माणसे भरती करणे हा १९७८ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा अशा योजनेचा प्रचार करणाऱ्यालाही सोडत नाही. दुसरीकडे, त्याने स्वतःची दोन एकर गहाण टाकून त्याच अॅपमध्ये पैसे घातले होते.

गुरुजी म्हणाले, "अज्ञात व्यक्तीने दुवा पाठवला, असं लिहितो." मी म्हटले, तसे लिहिले तर पोलीस वरच्या माणसापर्यंत पोहोचणार नाहीत, कारण वरच्या माणसाशी झालेले सगळे बोलणे मेहुण्याच्या फोनमध्ये आहे. त्यावर वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी भावाला फोन लावला आणि एवढेच सांगितले, "उद्या सकाळी कागद घेऊन ये, तुझी पण तक्रार द्यायची हाय. तुझ्याखाली जेवढे लोक हायत त्यांची यादी कर, त्यांना आज रातीच सांग आणखी पैसे भरू नका म्हणून." दुसऱ्या दिवशी दोघे दाजी-मेहुण्यांसारखे नव्हे तर दोन तक्रारदारांसारखे सायबर पोलीस ठाण्यात गेले. मेहुण्याच्या फोनमध्ये टेलिग्रामवरचे आठ महिन्यांचे बोलणे होते, नागपूरच्या एका हॉटेलातल्या सभेची छायाचित्रे होती आणि कमिशन ज्या खात्यांतून आले त्यांचे क्रमांक होते. तपास अधिकाऱ्यांनी तो फोन ठेवून घेतला. यादीतल्या लोकांपैकी काही जण त्याच आठवड्यात ‘कर’ भरायच्या बेतात होते. त्यांतल्या बहुतेकांनी तो भरला नाही, आणि दोघांनी भरला, कारण त्यांना फोन करायला मेहुण्याचे धाडस झाले नव्हते.